सोंग उतरते, आजार उतरवावा लागतो



उन्हाळ्याच्या सुटीत शिरपामाळावर संध्याकाळी फिरायला येणाऱ्यांची गर्दी वाढते. १६६४ साली सुरतेच्या स्वारीवर जाताना छत्रपती शिवाजी महाराजांचा मुक्काम इथे पडला आणि जव्हारच्या राजांनी त्यांचे स्वागत केले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. यंदा या माळावर मला एक निराळीच बैठक पाहायला मिळाली. नाशिक-ठाण्याच्या कॉलेजांत शिकणारी आपल्याच गावची पाच-सहा मुले-मुली चटई अंथरून बसली होती. मध्ये कागद, पेन्सिली आणि फासे होते. एकजण सूत्रधार होऊन गोष्ट सांगत होता. बाकीच्यांनी एकेक पात्र घेतले होते. पात्राला एखादी गोष्ट साधली की फसली, हे फाशावर ठरत होते. टेबलाभोवती बसून सोंगे घेण्याचा हा खेळ १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने निघाला आणि आता आपल्या शहरांतही पोहोचला आहे.

एका मुलाचे पात्र धड नायक नव्हते आणि धड खलनायकही नव्हते. लढाईत घरदार गमावलेला योद्धा. रात्ररात्र जागतो, सोबत्यांवर खेकसतो, दारू पितो, पण वेळ आली की जिवावर उदार होतो. याचे पुढे काय करायचे यावर मंडळींत वाद पेटला होता. एक मुलगी म्हणाली, “याला कुणीतरी जवळ बसवून बोलते करायला हवे.” औषधनिर्माणशास्त्र शिकणारा एकजण म्हणाला, “नुसत्या बोलण्याने काय होणार? याला गोळ्या लागतील.” ज्याचे पात्र होते तो उसळून म्हणाला, “गोळ्या देऊन तो शहाणा झाला, तर त्याच्यात उरले काय?” मग सगळे माझ्याकडे वळले, “डॉक्टरकाका, तुम्हीच सांगा.”

माळावर मी थोडक्यात उत्तर दिले. पण हाच प्रश्न दवाखान्यात पात्राबद्दल नाही तर पोटच्या मुलाबद्दल विचारला जातो, म्हणून आजचे सदर त्यालाच देतो.

पहिली गोष्ट पालकांसाठी. असल्या खेळाने मुलांचे डोके फिरते, अशी भीती कुणी घालू नये आणि घेऊही नये. १९८०च्या दशकात अमेरिकेत या खेळाविरुद्ध मोठे काहूर उठले होते. मुले वेडी होतात, आत्महत्या करतात, असे आरोप झाले. ते टिकले नाहीत. आपल्या जव्हार-मोखाड्याला तर हे सांगण्याचीही गरज नसावी. आपल्याकडे बोहाडा आहे. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावोगाव रात्री संबळ घुमतो आणि गणपती, शारदेपाठोपाठ रावण, भस्मासुर, त्राटिका अशी सोंगे नाचत येतात. सोंगाचा मान कित्येक घराण्यांत बापाकडून मुलाकडे चालत येतो. रात्री ज्याने महिषासुर होऊन सगळ्या गावाला थरारून सोडले, तोच गडी दुसऱ्या दिवशी मुखवटा बाजूला ठेवून रानातल्या कामाला लागतो. त्याला कुणी राक्षस म्हणत नाही. व्हिएन्नातील डॉ. मोरेनो यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात सोंग घेण्याच्या या ताकदीचाच उपयोग करून नाट्योपचाराची पद्धत बसवली. मनात कोंडलेले दुसऱ्याच्या तोंडून बोलणे सोपे जाते, हे आपल्या गावांनी अनुभवाने जाणलेलेच आहे.

मग सोंग आणि आजार यांत फरक कोणता? सोंग ठरल्या वेळी चढते आणि ठरल्या वेळी उतरते. आजाराचा मुखवटा उतरत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ मन सतत खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, झोप व भूक बिघडणे, अभ्यास किंवा काम अंगावरून ओघळून जाणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. कुणी नसताना आवाज ऐकू येणे, सगळे आपल्या वाईटावर आहेत अशी खात्री बसणे, चार-चार दिवस झोप नसूनही उत्साह उतू जाणे आणि पैसे उधळणे, ही त्याहून गंभीर आजारांची. इथे ‘स्वभावच तसा आहे’ म्हणून थांबू नये. कालपर्यंत नीट असलेला मुलगा तीन महिन्यांत बदलला, तर तो स्वभाव नव्हे. स्वभाव असा एका हंगामात पालटत नाही.

त्या मुलाचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटला: बरा झाला तर त्याच्यात उरले काय? आपल्याला दुखावलेली, बिघडलेली माणसे गोष्टीत आवडतात. गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’तला सुधाकर आठवा. हुशार वकील, कोर्टात अपमान झाला, सनद काही काळासाठी गेली आणि तळीराम त्याला विसर पाडण्याचे औषध म्हणून प्याला दाखवतो. १९१९ पासून मराठी माणूस त्याच्यासाठी हळहळत आला आहे. पण सुधाकरात आपल्याला आवडते ते काय? त्याची बुद्धी, त्याचा मानीपणा, सिंधूवरचे त्याचे प्रेम. यांतले काहीही प्याल्याने दिलेले नाही. प्याल्याने ते एकेक करून काढून घेतले. आजाराचेही असेच असते. त्याला आपण व्यक्तिमत्त्व समजून जपत बसतो आणि तो खऱ्या व्यक्तिमत्त्वालाच कुरतडत असतो. गोळ्या नीट लागू पडल्यावर रुग्णाचे नातेवाईक सहसा ‘हा वेगळाच झाला’ असे म्हणत नाहीत. ‘आमचा पूर्वीचा माणूस परत आला’ असेच म्हणतात. आणि गोळीने माणूस सुस्त, निर्विकार झाला असेल, तर तोही तक्रारीचा विषय आहे. डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते.

दुष्टपणाची भूमिका करणारा आणि मन बरे करणारा एकच माणूस असू शकतो, याचेही उदाहरण महाराष्ट्रात आहे. १९७२ साली पुण्यात तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. त्यातला विलासी, कावेबाज नाना फडणवीस डॉ. मोहन आगाशे यांनी उभा केला. हे आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ आणि पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातले माजी अध्यापक. पुढे ज्या ‘कासव’ चित्रपटाच्या निर्मितीत त्यांचा वाटा होता, त्याला २०१७ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्याचा विषयच नैराश्य. खलपुरुष रंगवणे आणि रुग्णाला समजून घेणे या दोन्हींत दुसऱ्याच्या मनात शिरावे लागते आणि तितक्याच सावधपणे बाहेरही यावे लागते.

आता मुख्य वाद, बोलणे की गोळी? माझे मत असे की हा वादच चुकीच्या जागी घातला जातो. पाय मोडला तर प्लास्टर की व्यायाम, असे आपण भांडत नाही. आधी हाड जुळवतो, मग पाय चालता करतो. कोणत्या आजाराला काय आणि कधी, एवढाच प्रश्न असतो. नैराश्य सौम्य असेल, परीक्षेची धास्ती असेल, वारंवार हात धुण्याची खोड लागली असेल, तर शास्त्रशुद्ध समुपदेशनाचा चांगला उपयोग होतो. ‘धीर धर, हसत राहा’ हा उपदेश म्हणजे समुपदेशन नव्हे. त्यात चुकीचे विचार ओळखून तपासायला शिकवतात, ज्याची भीती वाटते त्याला थोडे थोडे सामोरे जायला लावतात आणि घरी करायला अभ्यास देतात. त्याला आठ-दहा बैठका तरी लागतात. नैराश्य तीव्र असेल तर माणसाला बोलण्याचेही बळ नसते. तिथे गोळी आधी, आणि ती लागू पडू लागली की बोलणे. स्किझोफ्रेनिया किंवा उन्माद-नैराश्याच्या आजारात औषध हाच पाया. पण घरच्यांना समजावल्याशिवाय, रुग्णाला कामाला लावल्याशिवाय तो पाया टिकत नाही. २००४ सालच्या ‘देवराई’ चित्रपटात अतुल कुलकर्णींनी रंगवलेला शेष ज्यांनी पाहिला असेल, त्यांना घरातल्या माणसांच्या समजुतीचे मोल वेगळे सांगायला नको.

व्यसनमुक्तीत तर दोन्ही मार्ग हातात हात घालूनच चालतात. पुण्याचे मुक्तांगण केंद्र डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने १९८६ साली सुरू झाले. व्यसन सुटताना शरीराला होणारा त्रास औषधाने आवरावा लागतो आणि पुढची लढाई गटात बसून, मन मोकळे करून लढावी लागते. महिनोन्‌महिने रोज मोहाची दारू भरपूर पिणाऱ्याने ती एका दिवसात तोडली, तर त्याला झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. म्हणून तिथे नुसती शपथ घालून भागत नाही.

गोळ्यांबद्दल एक आक्षेप हमखास येतो, ‘ही इंग्रजी औषधे डोके बधिर करतात.’ त्यांना मी सर्पगंधेची गोष्ट सांगतो. सह्याद्रीच्या रानातही सापडणारी ही वनस्पती. तिचे मूळ आपल्याकडे वेडावर पिढ्यान्‌पिढ्या वापरात होते. १९३१ साली कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचा मनोविकारावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम लिहून प्रसिद्ध केला. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरचा अनुभव इंग्लंडच्या नियतकालिकात मांडला. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले गेले आणि मनोरुग्णांसाठीच्या आधुनिक औषधांतले ते एक सुरुवातीचे औषध ठरले. त्याच सुमारास क्लोरप्रोमाझिन आले. त्याआधी उग्र रुग्णासाठी बहुधा कोंडून ठेवणे एवढाच उपाय उरत असे. मात्र कुणी रानातून मूळ उपटून चघळू नये! त्याने रक्तदाब एकदम खाली येतो आणि रिसर्पिनने काहींना उलट नैराश्यच येते, असे पुढे आढळले. म्हणून आता त्याहून सुरक्षित औषधे वापरतात.

दुसरा आक्षेप, ‘सवय लागते.’ झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या थोड्या दिवसांपुरत्या आणि चिठ्ठीवरच घ्याव्यात. शेजाऱ्याची गोळी मागून घेऊ नये. नैराश्यावरच्या गोळ्या तशा नाहीत. पण त्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी सहाही लागतात. अनेकजण दहाव्या दिवशी ‘फरक नाही’ म्हणून सोडतात, आणि फरक पडलेले दुसऱ्या महिन्यात ‘बरे वाटले’ म्हणून सोडतात. दोघेही पुन्हा आजारी पडण्याचा धोका ओढवून घेतात. बरे वाटल्यावरही साधारण सहा महिने किंवा अधिक काळ औषध चालू ठेवावे लागते आणि बंद करायचे ते हळूहळू, डॉक्टरांच्या सल्ल्याने.

मात्र माझ्या व्यवसायबंधूंनाही एक सांगणे आहे. दोन मिनिटांत रुग्णाचे ऐकून झोपेची गोळी लिहून देणे म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला. निदान त्याला बसवून विचारावे, घरात काय घडले, काय गमावले, जगणे नकोसे वाटते का? असे विचारल्याने आत्महत्येचा विचार डोक्यात शिरत नाही. असलाच तर तो बाहेर पडायला वाट मिळते.

आणि भगताचे काय? आपल्या पाड्यांवर आजारी माणूस आधी त्याच्याकडेच जातो. भगत त्याचे ऐकतो, घरच्यांना जमवतो, याचा आधार वाटतो हे मी नाकारत नाही. नारळ ठेवायचा तर ठेवा. पण गोळी बंद करू नका, चटके-मारहाण होऊ देऊ नका, आणि उपास घडवून रुग्णाला आणखी दुबळा करू नका. गावच्या भगताला विश्वासात घेऊन ‘तुमचे चालू द्या, दवाखानाही चालू राहू द्या’ असे म्हटले, तर पुष्कळदा तो ऐकतो.

आपल्या भागातून तज्ज्ञ गाठायचा म्हणजे भाडे आणि बुडालेली मजुरी, हे मी जाणतो. म्हणून आधी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जव्हारच्या पतंगशाह रुग्णालयात दाखवून पुढची वाट विचारावी. ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत आणि मराठीतही बोलता येते. मे २०१८ पासून अमलात आलेल्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी यंत्रणेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क मानला आहे. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाकडेही कायदा आता गुन्हेगार म्हणून न पाहता, तीव्र ताणाखालचा, मदतीची गरज असलेला माणूस म्हणून पाहतो. कुणी ‘जगून काय करू’ म्हणू लागला, तर त्याला एकटे सोडू नका, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

गोष्टीतल्या योद्ध्याचे भवितव्य त्या मुलांनी खुशाल फाशावर ठरवावे. आपल्या घरातल्या माणसाचे मात्र तसे ठरवू नये. त्याला बोलते करा, त्याचे ऐका, आणि गोळी दिली असेल तर ती वेळेवर द्या. यांतले एक निवडा, असे तुम्हाला कुणीही सांगितलेले नाही.