भिंतभर चित्र

आमचे चिरंजीव जळगांवीं नव्या घरांत राहावयास गेले, त्यास आतां वर्ष होईल. दिवाणखान्याची समोरची भिंत दहा फूट रुंद, आणि भिंत मोकळी ठेवणें हें हल्लीं दारिद्र्याचें लक्षण समजतात. तेव्हां तिजवर छायाचित्र छापलेला कागद चिकटवावयाचा असें ठरलें. दुकानदाराच्या वहींत स्वित्झर्लंडचे बर्फाचे डोंगर होते, धबधबे होते. (१८०७ सालीं फ्रान्समधील झुबेर यांच्या कारखान्यानें भिंतीस लावावयाचा एक कागद काढिला, त्यावर हिंदुस्थानचे देखावे होते. तेव्हां ते आमचे देखावे लावीत. आज आम्ही त्यांचे लावतों.)

मी धुळ्याहून गेलों तों बेत बदलला होता. सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, डोंगर नकोत. आईंचेंच चित्र लावणार आहोंत."

माझ्या पत्नीस जाऊन तीन वर्षें झालीं. नातीनें मोबाइलवर घेतलेलें तिचें एक छायाचित्र आहे : धुळ्याच्या घरीं ओसरीवर सुपांत ज्वारी निवडीत बसली आहे, आणि कोणी हांक मारली म्हणून वर पाहते आहे. तें दहा फुटांचें होणार होतें. मुलाचा हेतु शुद्ध. त्यास नाहीं कसें म्हणावें?

त्या रात्रीं विष्णुधर्मोत्तर पुराणांतील चित्रसूत्र आठवलें. राजसभेंत व देवालयांत सर्व रसांचीं चित्रें चालतात. गृहस्थाच्या घरीं मात्र शृंगार, हास्य व शांत या तीनच रसांचीं असावींत, युद्ध, स्मशान, मृत व दुःखार्त माणसें भिंतीवर नकोत, असें तेथें सांगितलें आहे. ही केवळ शकुनाची गोष्ट समजून मी तो भाग ओलांडून जात असें. आतां वाटतें, सभा उठते, देवळांतून माणूस परत येतो. पण घराच्या भिंतीसमोर त्यास जेवावयाचें, भांडावयाचें, आजारी पडावयाचें असतें. उत्तररामचरिताच्या पहिल्या अंकांत शूर्पणखेचें चित्र पाहून सीता घाबरते, तेव्हां राम तिला हें चित्र आहे असें समजावितो; आणि पुढें जनस्थानाचा प्रसंग येतांच समजाविणाऱ्याचेच डोळे भरून येतात.

मुलास मात्र मीं पुराण सांगितलें नाहीं, गणित सांगितलें. ज्यांच्या घरीं असा बेत चालू असेल त्यांनींहि तें करून पाहावें. मोबाइलचें चित्र रुंदीस ४००० ठिपक्यांचें धरा. दहा फूट म्हणजे १२० इंच. इंचास ३३ ठिपके पडतात. पुस्तकांतील चांगल्या चित्रास ३०० लागतात. दुरून पाहावयाच्या डोंगरास हें खपेल, डोळ्यांस व ओठांस खपत नाहीं. शिवाय कागद उभ्या पट्ट्यांनीं येतो, त्या जोडाव्या लागतात. भिंत ओली असेल तर प्लास्टिकच्या कागदामागें बुरशी धरते, तें वेगळेंच. आमच्या शेजारच्या अजिंठ्यास मातीच्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन चित्रें काढलीं. एकोणिसाव्या शतकांत नकला करणाऱ्यांनीं रंग उठून दिसावेत म्हणून वार्निश चढविलें, तें पुढें पिवळें पडलें. भिंतीवर कांहीं चढविणें सोपें, उतरविणें कठीण.

गणिताचा उपयोग झाला नाहीं. कागद आधींच छापावयास गेला होता. कारागिरानें पट्ट्या जमिनीवर पसरल्या. दुसऱ्या व तिसऱ्या पट्टीचा सांधा नेमका तिच्या कपाळावरून नाकावर उतरत होता. एक डोळा इकडे, एक तिकडे. मुलगा बराच वेळ उभा राहिला. कारागीर म्हणाला, दोन पट्ट्या सांधा सरकवून पुन्हा छापून आणतों. मुलगा माझ्याकडे न पाहतां म्हणाला, "नको. अण्णा, हें लावूं नये." सांध्यामुळें, कीं आणखी कशानें, तें मीं विचारलें नाहीं.

त्या भिंतीस आतां साधा पांढरा रंग आहे. ओसरीवरचें चित्र वीतभर चौकटींत घालून मीं धुळ्यास आणलें. खिळ्यावर असतें. ज्या दिवशीं पाहवत नाहीं त्या दिवशीं उतरून ठेवतों, आणि दिवेलागणीस बहुधा पुन्हा लावतों. पट्ट्यांची गुंडाळी जळगांवीं कपाटावर पडून आहे. हिचें काय करावें, असें सूनबाई विचारतात. मलाहि सुचत नाहीं.