पुस्तक विकतचे की परवान्याचे?

झेरॉक्सच्या दुकानापुढची रांग आपल्याला नवी नाही. ही रांग चोरांची की विद्यार्थ्यांची, हा वाद एकदा खरोखरच न्यायालयात गेला होता. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ आणि तेथील रामेश्वरी या झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध दावा लावला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ अध्यापनाच्या ओघात केलेल्या प्रतींना सूट देते. त्या आधारावर दिल्ली उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१६ मध्ये दावा फेटाळला. डिसेंबरात खंडपीठाने ही सूट मान्य केली, मात्र त्या विशिष्ट प्रती अध्यापनाला आवश्यक होत्या का, हे तपासण्यासाठी प्रकरण परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

लेखकाच्या श्रमाचे मोल मिळालेच पाहिजे, याबद्दल दुमत नाही. म्हणूनच कायदा त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षे त्याच्या वारसांचा हक्क राखतो. परंतु ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाटच नाही, त्याला कलम ५२ ही मेहेरबानी नसून शिक्षणाची वाट आहे.

आज ही वाट कायदा न बदलताही अडवली जात आहे. छापील पुस्तक विकत घेतले की ते आपले. मित्राला द्यावे, रद्दीत घालावे. ई-पुस्तकाचा मात्र बहुधा परवानाच मिळतो, आणि त्याच्या अटी ‘मी सहमत आहे’ या बटणामागे इंग्रजीत दडलेल्या असतात. २००९ साली ॲमेझॉनने ऑर्वेलची विकलेली पुस्तके ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसून टाकली. विक्रेत्याकडे हक्क नव्हते हे खरे, पैसेही परत केले. पण दुकानदार आपल्या घरात शिरून फळीवरचे पुस्तक उचलून नेईल काय?

केवळ संगणकावर झाला म्हणून करार रद्द ठरत नाही, हे आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यानेच सांगितले आहे. मग करार म्हणजे दोघांची संमती, हे तत्त्व उरते कुठे? घासाघीस नाही, वाचायला सवड नाही, आणि नकार दिला तर पुस्तक नाही!

माझे मत स्पष्ट आहे. संसदेने विद्यार्थ्याला दिलेली सूट खाजगी कराराने काढून घेता येणार नाही, असे कायद्यातच नमूद व्हावे. तोवर महाविद्यालयांनी ई-पुस्तकांच्या करारावर सही करण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: प्रत काढता येईल का? वर्गणी संपल्यावर पुस्तक राहील का? आणि या अटी मराठीत मिळतील का? प्राध्यापकांनी हे विचारावे, आणि आपण विद्यार्थ्यांनी त्यांना ते विचारायला लावावे.