शोधयंत्राची उभारणी आणि निगा

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव अशा ठिकाणी मराठी माणसाने बिऱ्हाड थाटले, तेव्हा उत्सवांबरोबर ग्रंथालयेही जोपासली. तेथील कपाटांत स्थानिक लेखकांची पुस्तके, मंडळांच्या स्मरणिका आणि जुनी मासिके आहेत. त्यांतील कित्येक अन्यत्र सहजी मिळावयाची नाहीत. आता अशा संग्रहांच्या सूची संगणकावर चढू लागल्या आहेत. सूची चढली म्हणजे कार्य सिद्धीस गेले, हा समज मात्र घातक होय. कार्डांच्या सूचीत पुस्तक आढळले नाही, तर ग्रंथपाल उठून कपाट धुंडाळीत. संगणकाने ‘नोंद नाही’ असे सांगितले, की वाचक मुकाट्याने परततो आणि असलेले पुस्तक नसल्यात जमा होते. म्हणून शोधयंत्राची उभारणी केवळ तंत्रज्ञावर सोपवून संस्थाचालकांनी निश्चिंत राहू नये.

शोधयंत्राचे तत्त्व आपल्या परिचयाचे आहे. ग्रंथाच्या अखेरीस शब्दसूची असते. कोणता शब्द कोणत्या पृष्ठावर, हे ती सांगते. यंत्र सर्व नोंदींची अशीच सूची आधी करून ठेवते आणि प्रश्न येताच तीच पाहते. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ‘ल्युसीन’ ही प्रणाली याच तत्त्वावर रचली. तिच्या आधारे योनिक सीली यांनी २००४ मध्ये ‘सोलर’ हे शोधयंत्र तयार केले आणि २००६ मध्ये ते अपाची प्रतिष्ठानाकडे आले. दोन्ही विनामूल्य असल्याने लहान संस्थांनाही परवडतात.

सोलर चालावयास ‘जावा’ ही प्रणाली आधी बसवावी लागते. नववी आवृत्ती जावा ११ किंवा त्यापुढील मागते. लिनक्स संगणकावर सोलरसोबतच येणाऱ्या स्थापना-आज्ञावलीने ते बसवावे. ती आज्ञावली दोन शहाणपणाच्या गोष्टी करते. एक म्हणजे, यंत्रासाठी मर्यादित अधिकारांचे स्वतंत्र खाते उघडते. संगणकाच्या सर्वाधिकारी खात्यावर शोधयंत्र चालविणे म्हणजे पाणी भरावयास येणाऱ्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देणे होय. दुसरी म्हणजे, कार्यक्रम एका जागी आणि माहिती दुसऱ्या जागी ठेवते. त्यामुळे पुढे आवृत्ती बदलताना माहितीला हात लावावा लागत नाही. शिवाय वीज जाऊन संगणक पुन्हा सुरू झाला, की यंत्रही आपोआप सुरू होते.

यानंतरचा प्रश्न स्मृतीचा. सोलर जावासाठी मुळात ५१२ मेगाबाइट स्मृती राखून ठेवते. ती वाढविता येते; पण आठ गिगाबाइटांच्या संगणकात सात जावाला देणे हा उदारपणा अंगाशी येतो. सूचीच्या फायली हाताशी ठेवण्याचे काम जावा नव्हे, तर संगणकाची मूळ कार्यप्रणाली उरलेल्या स्मृतीतून करते. सगळा ओटा एका परातीने अडविला, तर हाताशी हवे असलेले डबे ठेवावयाचे कोठे? शिवाय जावाचा वाटा फार मोठा असला, तर त्यातील केरकचरा काढताना यंत्र मध्येच खोळंबू शकते. लहान सूचीस एखादा गिगाबाइट देऊन पाहावे आणि नोंदवही वाचून, गरज दिसली तरच वाढवावे.

येथवरचे काम सर्व भाषांना सारखे. खरी कसोटी मराठीची आहे. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांपूर्वीच्या ग्रंथांत ‘नांव’, ‘कांहीं’ असे अनुस्वार आढळतात. आजचा वाचक ते देत नाही. ‘बिऱ्हाड’मधील अर्धा र दोन वेगवेगळ्या संकेतांनी टंकित होतो, डोळ्याला भेद दिसत नाही, यंत्राला दिसतो. वाचक ‘बडोदे’ शोधतो आणि शीर्षकात असते ‘बडोद्यातील’. त्यातच गावांची नावे दुहेरी : बडोदे आणि वडोदरा, ग्वाल्हेर आणि ग्वालियर, बेळगाव आणि बेळगावी. यंत्रासोबत हिंदीची शब्दप्रक्रिया तयार मिळते. परंतु मराठीचे सामान्यरूप तिला उलगडत नाही.

उपाय अवघड नाही. मूळ शीर्षक जसेच्या तसे राखावे आणि त्याच्या शेजारी केवळ शोधासाठी दुसरे रूप ठेवावे. त्या रूपात अनुस्वार गाळावेत, ऱ्हस्वदीर्घ एक करावेत आणि अर्ध्या र चे दोन्ही संकेत एकच मानावेत. गावांच्या पर्यायी नावांची आणि नेहमीच्या सामान्यरूपांची यादी समानार्थी शब्दांच्या फायलीत घालावी. जी प्रक्रिया नोंदीवर, तीच वाचकाच्या प्रश्नावरही व्हावयास हवी. एरवी दोघांची गाठ पडणार नाही. चार अनावश्यक नोंदी अधिक आल्या तरी चालेल. हवे असलेले एक पुस्तक हुकता कामा नये. मात्र हे नियम बदलले, की सर्व नोंदींची सूची नव्याने करावी लागते. यास्तव मूळ नोंदी शोधयंत्राबाहेर स्वतंत्र जपाव्यात. सूची पुन्हा घडविता येते. मूळ नोंद गेली, तर ती कशावरून घडविणार?

सुरक्षिततेविषयी दोन शब्द. सोलरची नववी आवृत्ती मुळात त्याच संगणकावरून आलेल्या विनंत्या स्वीकारते. हे कुंपण सोयीसाठी पाडू नये. वाचकांनी संस्थेच्या संकेतस्थळावर यावे आणि संकेतस्थळाने आतून यंत्राला विचारावे. सभासदांचे पत्ते व दूरध्वनी या सूचीत घालूच नयेत. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या नोंदी लिहिणाऱ्या घटकात गंभीर छिद्र आढळले, त्या वेळी सोलरच्याही काही आवृत्त्या धोक्यात आल्या होत्या. म्हणून आवृत्तीकडे लक्ष ठेवणारी एक जबाबदार व्यक्ती नेमावी.

उभारणी पुरी झाली, हे तंत्रज्ञाच्या शब्दावरून मानू नये. कपाटात आहेतच अशी वीस पुस्तके निवडावीत. त्यांत जुन्या लेखनपद्धतीची आणि स्थानिक लेखकांची अवश्य असावीत. घरातील आजोबा आणि शाळकरी नात, दोघांनाही ती आपापल्या रीतीने शोधावयास सांगावे. जी सापडणार नाहीत, ती यंत्राचे दोष अचूक दाखवितील. हीच यादी जपून ठेवावी आणि दर बदलानंतर पुन्हा तपासावी. पूर्वजांनी वर्गणी काढून जमविलेली पुस्तके नातवंडांच्या हाती पडावीत, यासाठी एवढे कष्ट फार नव्हेत.