वॉल्टरची बायको आणि कानेटकरांचा लाल्या

नाशिकच्या कॉलेज रोडवर आज ‘ब्रेकिंग बॅड’वरून हमरीतुमरीवर येणारी मुलं ती मालिका संपली तेव्हा, २०१३च्या सप्टेंबरात, शाळेच्या खालच्या वर्गांत होती. तरी भांडण ताजं आहे. वॉल्टर व्हाइटला इतकं सोयीचं मरण का दिलं? हँकला मारायलाच हवं होतं का? जेसी सुटला हे पटतं का? चहाचे ग्लास रिकामे होतात, वाद संपत नाही. एका मुद्द्यावर मात्र दोन्ही तट चटकन एक होतात. वॉल्टरची बायको स्कायलर सगळ्यांच्याच डोक्यात जाते. मला बोलायचं आहे ते या एकमताविषयी.

मालिका न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. रसायनशास्त्राच्या एका शिक्षकाला फुप्फुसाचा कर्करोग होतो. आपल्यामागे बायकामुलांचं कसं होणार, या काळजीचं कारण सांगत तो मेथ हे अमली द्रव्य बनवू लागतो. जोडीला घेतो तो आपलाच जुना विद्यार्थी, जेसी पिंकमन. त्याचा साडू हँक मात्र अमली द्रव्यांच्या तस्करांना पकडणारा अधिकारी. पाच सीझन आणि ६२ भागांत हा साधा मास्तर निर्दय गुन्हेगार होतो. या सगळ्यात स्कायलर काय करते? नवऱ्याचं खोटं पकडते, जाब विचारते, मुलांना त्याच्यापासून लांब ठेवू पाहते. ती चुकतेही. पुढे त्याच काळ्या पैशाला गाड्या धुण्याच्या धंद्यातून पांढरं करून देते. पण तिच्यावरचा राग त्यासाठी नसतो. तो असतो ती नवऱ्याला अडवते म्हणून. दुसऱ्या सीझनमध्ये जेन नावाच्या मुलीचा झोपेत श्वास कोंडतो आणि वॉल्टर शेजारी उभा राहून तिला मरू देतो. ते प्रेक्षक पोटात घालतात. स्कायलरचे प्रश्न मात्र त्यांना सहन होत नाहीत. हा द्वेष इतका वाढला की ती भूमिका करणाऱ्या ॲना गन यांना ऑगस्ट २०१३मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहावा लागला. पात्रावरचा राग थेट आपल्या अंगावर येतो आहे, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रेक्षक मूर्ख नसतात. पण गोष्ट वॉल्टरच्या खांद्यावरून दाखवली जाते. त्याची भीती, त्याची हुशारी, त्याचा अपमान आपण जवळून पाहतो, आणि मग त्याच्या वाटेत येणारा प्रत्येक माणूस आपल्याला आपल्याच करमणुकीतला अडथळा वाटू लागतो. लेखक व्हिन्स गिलिगन यांनी शेवटच्या भागात याचा हिशेब प्रामाणिकपणे चुकता केला आहे. हे सारं कुटुंबासाठी नव्हतं, स्वतःसाठी होतं, अशी कबुली वॉल्टर देतो आणि ती स्कायलरसमोर देतो. हा एक प्रसंग नसता तर तो शेवट खोटा ठरला असता. उरलेल्या भागाबद्दल मात्र माझं मत तक्रार करणाऱ्यांच्या बाजूनं आहे. गाडीच्या डिकीत मशीनगन बसवून सगळ्या शत्रूंना एका फटक्यात संपवणं ही अजिंक्य नायकाची करामत झाली. त्याआधी दोन आठवडे, १५ सप्टेंबरला दाखवलेला ‘ओझिमँडियस’ हाच माझ्या मते या गोष्टीचा खरा शेवट. त्यात हँक मरतो, स्कायलर हातात सुरी घेऊन नवऱ्यासमोर उभी राहते आणि ज्या घराच्या नावावर सगळं चाललं होतं ते घर मोडतं. तिथे त्याच्या वाट्याला एकही टाळी येत नाही.

आता याच कॉलेज रोडवरच्या एचपीटी महाविद्यालयाकडे वळू. तिथे वसंत कानेटकरांनी वर्षानुवर्षं शिकवलं. नाशिकच्या या प्राध्यापकाचं ‘अश्रूंची झाली फुले’ १९६६ साली रंगभूमीवर आलं, आणि त्याचा नायकही मास्तरच आहे. प्राचार्य विद्यानंद तत्त्वाला पक्के. संस्थेतला धर्माप्पा त्यांना खोट्या आरोपात अडकवतो, ते तुरुंगात जातात आणि बाहेर येतात ते सूडानं पेटलेले गुन्हेगार होऊन. त्यांचा वाया गेलेला विद्यार्थी लाल्या मधल्या काळात पोलीस अधिकारी झालेला असतो आणि आपल्या गुरूला आवरायची वेळ त्याच्यावर येते. ‘नाट्यसंपदा’च्या त्या प्रयोगात प्रभाकर पणशीकर विद्यानंद होते, तर डॉ. काशिनाथ घाणेकर लाल्या. लाल्याच्या एन्ट्रीला नाट्यगृह शिट्ट्यांनी भरून जाई. नाटक विद्यानंदांचं, पण प्रेक्षकांनी ते लाल्याच्या नावावर करून टाकलं. जेसीचंही थोडं तसंच झालं. त्याला पहिल्याच सीझनमध्ये मारायचा विचार होता. ॲरन पॉलचं काम पाहून तो बदलला आणि २०१९मध्ये जेसीच्या पुढच्या कहाणीवर ‘एल कमिनो’ हा स्वतंत्र चित्रपट निघाला. त्याच वर्षी प्रतिमा कुलकर्णींच्या दिग्दर्शनात ‘अश्रूंची झाली फुले’ पुन्हा रंगभूमीवर आलं. त्यात लाल्या होता सुबोध भावे.

दोन्हीकडे गुन्ह्याकडे वळलेला मास्तर आहे आणि त्याचा विद्यार्थी आहे, फक्त ओढ उलट दिशांनी आहे. वॉल्टर जेसीला खाली खेचत नेतो, लाल्या विद्यानंदांना वर काढतो. माणसाच्या मनात किती खोल उतरायचं याबाबत गिलिगन पुढे आहेत, हे मी मोकळेपणानं मान्य करतो. विद्यानंदांना बिघडवायला बाहेरचा धर्माप्पा लागतो. वॉल्टरला कोणीच लागत नाही. उपचाराचा खर्च उचलायला त्याचे जुने श्रीमंत मित्र तयार असतात आणि तो केवळ अहंकारापोटी ती मदत झिडकारतो. पण एक गोष्ट कानेटकरांना जास्त नेमकी कळली होती. नायकाला अडवणारा माणूस त्यांनी प्रेक्षकांच्या सर्वांत लाडक्या पात्रात बसवला. त्यामुळे लाल्या आडवा आला तरी तो कुणाच्या डोक्यात गेला नाही. ज्या प्रेक्षकानं पहिल्या अंकात लाल्यासाठी शिट्टी मारली, त्यानं शेवटी विद्यानंदांच्या वाटेत उभ्या राहिलेल्या लाल्यालाही टाळी दिली. गुन्हेगारावर जीव जडलेल्या प्रेक्षकाला कायद्याच्या बाजूला आणण्याची ही रीत मला आजच्या कित्येक वेबसीरिजपेक्षा शहाणी वाटते.

आपल्या छोट्या पडद्यावर असा वाद रंगायला मुळात शेवट तरी कुठे मिळतो? वाई-धोमच्या हत्याकांडाची आठवण करून देणारी ‘देवमाणूस’ ही मालिका ऑगस्ट २०२१मध्ये संपली आणि त्याच डिसेंबरात दुसरं पर्व सुरू झालं. २०२५मध्ये पुन्हा ‘मधला अध्याय’ आला. खुनी लोकप्रिय झाला की त्याला शिक्षा करणं वाहिनीला परवडत नाही. मग प्रेक्षकांनी वाद घालायचा तरी कशावर? ‘ब्रेकिंग बॅड’वाल्यांनी ऐन लोकप्रियतेत दुकान बंद केलं, म्हणून तर इतक्या वर्षांनी नाशिकमधली मुलं त्यावर तावातावानं बोलू शकतात. हे बोलणं मला फार मोलाचं वाटतं. हँकनं मरावं का, जेसीनं सुटावं का, हे ठरवताना ही मुलं अपराध, शिक्षा आणि क्षमा यांवर बोलत असतात, आणि तेही कुणी परीक्षेत विचारलं नसताना.

म्हणूनच स्कायलरविषयीचं ते एकमत खटकतं. तिथे विचार थांबतो आणि सवय बोलू लागते. आणि ही सवय काही फक्त अमेरिकेतली नाही. विद्यानंदांना अडवण्याचा तो निर्णायक प्रसंग लाल्याऐवजी घरातल्या बाईच्या वाट्याला आला असता, तर १९६६च्या प्रेक्षकानं तिला टाळी दिली असती का? मला तसं वाटत नाही. लाल्याकडे तरणेपणा होता, घाणेकरांचा रुबाब होता. गुन्हेगार नवऱ्याच्या दारात उभी राहून ‘बस झालं’ म्हणणाऱ्या बाईला तीच शिट्टी मिळवून देणारं नाटक मराठीत अजून लिहायचं आहे, आणि ते कॉलेज रोडवर तावातावानं भांडणाऱ्या या मुलामुलींपैकीच कुणीतरी लिहावं.