‘दुसरी पृथ्वी’ आणि एक गळलेला शब्द

‘दुसरी पृथ्वी सापडली!’ हा मथळा वर्षा-दोन वर्षांनी वर्तमानपत्रात येतोच. सोबत निळा समुद्र नि तांबडे आकाश असलेले रंगीत चित्र. मी वाङ्मयाची विद्यार्थिनी; हिला दुर्बिणीतले काय कळते, असे विज्ञान शाखेची मंडळी म्हणतील. म्हणोत बापडी! माझी तक्रार शब्दांविषयी आहे आणि शब्दांवर आमचाही थोडा हक्क आहे.

ऑगस्ट २०१६ मधली बातमी घ्या. सूर्याचा सर्वांत जवळचा शेजारी तारा प्रॉक्झिमा. अंतर सव्वाचार प्रकाशवर्षे. त्याच्याभोवती पृथ्वीच्या तोडीचा ग्रह असल्याचे जाहीर झाले. हा ग्रह पाहिला कुणी? कुणीच नाही. शास्त्रज्ञांनी पाहिला तो तारा. ग्रहाच्या ओढीने ताराही किंचित हलतो. तो आपल्याकडे येताना त्याच्या वर्णपटातल्या रेषा निळ्या बाजूला सरकतात, दूर जाताना तांबड्या. चिली देशातल्या ला सिया वेधशाळेत हे सरकणे मोजले गेले. दर ११.२ दिवसांनी तीच लय, आणि वेग सेकंदाला जेमतेम १.४ मीटर, म्हणजे ताशी पाच किलोमीटर! कॉलेजच्या फाटकापासून एस. टी. स्टँडपर्यंत आपण ज्या चालीने जातो, त्या चालीने एक अख्खा तारा मागेपुढे होतो आणि ते चाळीस लाख कोटी किलोमीटरांवरून कळते. (आपली पृथ्वी सूर्याला हलवते ती सेकंदाला अवघी ९ सेंटिमीटर.) इतके नवल समोर असताना तो निळा समुद्र हवा कशाला?

या चालीवरून निघते ते वस्तुमान, तेही ‘किमान’. पृथ्वीच्या सुमारे १.३ पट, असा तेव्हाचा आकडा होता. कक्षा किती कललेली आहे हे ठाऊक नसल्याने खरे वस्तुमान त्याहून जास्त असू शकते. मूळ निबंधात ‘किमान’ हा शब्द आहे. मथळ्यापर्यंत येता येता तो गळतो. व्याकरणाच्या तासाला आपण ज्या विशेषणाकडे ढुंकून पाहत नाही, त्यावर इथे सगळा प्रामाणिकपणा उभा असतो.

चित्राशिवाय वाचणार कोण, असे माझा एक वर्गमित्र म्हणतो. ठीक आहे, छापा चित्र. पण खाली ‘काल्पनिक’ एवढे तरी मोठ्या टायपात छापा. कारण असे ग्रह कधी कधी पुसलेही जातात. उन्हाळ्यात आपल्याकडून दक्षिण क्षितिजाजवळ दिसणारा ‘मित्र’ हा खरे तर जोडतारा. त्यातल्या एकाभोवती पृथ्वीएवढा ग्रह असल्याचे ऑक्टोबर २०१२ मध्ये जाहीर झाले होते. ताऱ्याची हालचाल सेकंदाला फक्त अर्धा मीटर. २०१५ मध्ये इतर अभ्यासकांनी तीच मोजमापे पुन्हा तपासली. वेध सलग घेतलेले नव्हते. मधल्या खंडांमुळेच ती लय भासली होती. ग्रह गेला. चित्र मात्र लोकांच्या मनात राहिले असणार.

प्रॉक्झिमाचा ग्रह २०२० मध्ये अधिक अचूक यंत्राने पुन्हा मोजला गेला. तो टिकला. किमान वस्तुमान या खेपेस पृथ्वीच्या १.१७ पट निघाले.