रोमन नाणं घेताय? आधी त्याचं गाव विचारा

सध्या फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एक नवा बाजार भरलाय. "२००० वर्षांपूर्वीचं अस्सल रोमन नाणं, मोजकेच नग, लवकर मेसेज करा." खाली "किंमत सांगा"ची रांग. घासाघीस होते, कुरिअरचा खर्च कोणी द्यायचा यावर वाद होतो. पण हे नाणं आलं कुठून, हे एकही जण विचारत नाही.

स्पष्टच बोलतो. रोमन नाणी जमवायला माझा विरोध नाही. छंद उत्तम आहे, जरूर करा. पण नाण्याचं गाव न विचारता पैसे टाकणारा माणूस संग्राहक नव्हे. तो चोरबाजाराचं गिऱ्हाईक आहे.

आधी गुंतवणुकीचं भूत उतरवू. "जुनं म्हणजे महाग" हे विक्रेत्याचं आवडतं वाक्य. खरं म्हणजे चौथ्या शतकातली, कॉन्स्टंटाइन आणि त्याच्या मुलांच्या काळातली तांब्या-काशाची छोटी नाणी रोमनांनी प्रचंड संख्येनं पाडली. दोन सैनिक आणि मधे निशाण असलेलं नाणं परदेशातल्या बाजारात आजही चौघांच्या हॉटेलच्या बिलात मिळतं. नाण्याचा भाव ठरतो तो ते किती दुर्मिळ आहे, कोणत्या स्थितीत आहे आणि त्याचे कागद काय आहेत यावर. वय सगळ्यात शेवटी. त्यामुळे "पाच वर्षांत दुप्पट" म्हणणाऱ्याला नमस्कार करा आणि पुढे चला.

मग जमवायचं कशासाठी? समजून घेण्यासाठी. ऑगस्टसच्या काळातला डिनेरियस जवळपास शुद्ध चांदीचा. इ.स. ६४ च्या सुमारास नीरोनं त्याचं वजन आणि चांदी दोन्ही कमी केली. २१५ मध्ये कॅराकॅलानं नवं नाणं काढलं. त्याची किंमत दोन डिनेरियस होती असं मानतात, पण चांदी होती जेमतेम दीड डिनेरियसची. २७० च्या आसपास चांदी उरली ती नावापुरती, बाकी तांबं. अशी चार नाणी ओळीनं ठेवा. सरकार तिजोरी रिकामी झाल्यावर जनतेच्या खिशात कसा हात घालतं, ते भाषणाशिवाय कळतं.

पण ही झाली एका नाण्याची गोष्ट. नाणी जमिनीत जिथं आणि जशी पडलेली असतात, ती जागा त्याहून जास्त बोलते.

२०१० मध्ये इंग्लंडात सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ एका हौशी माणसाला शेतात नाण्यांनी भरलेलं मडकं लागलं. गड्यानं काय करावं? खणणं थांबवलं आणि पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं. त्यांनी एकेक थर करून नाणी काढली, एकूण ५२,५०३. सगळ्यात नवी नाणी होती कॅरॉशियस या बंडखोर सम्राटाची, आणि ती मडक्यात बरीच खाली निघाली. म्हणजे वर्षानुवर्षं थोडीथोडी टाकलेली ही बचत नव्हे, मडकं एकदमच भरलं होतं. मडकं तिथंच उपडं केलं असतं, तर नाणी तीच राहिली असती, पण ही माहिती कायमची गेली असती. ठेवा संग्रहालयात गेला आणि शोधणारा व जमीनमालक यांना मिळून ३,२०,२५० पौंड मिळाले.

आता आपल्याकडे या. रोमन नाणी आपल्याला परकी नाहीत. भारताच्या व्यापारापायी दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स जातात, अशी तक्रार प्लिनीनं पहिल्या शतकातच करून ठेवली आहे. आपला 'दीनार' हा शब्दही त्या डिनेरियसचाच. दक्षिण भारतात ऑगस्टस आणि टायबेरियसची नाणी ढिगानं सापडली. १८९८ मध्ये पुदुकोट्टईला सापडलेली ५०१ सोन्याची नाणी नोंदली गेली, म्हणून त्यातल्या बहुतेकांच्या चेहऱ्यावर मुद्दाम छिन्नीचा घाव घातलेला आहे हे आज माहीत आहे. याउलट १८४७ मध्ये केरळात कण्णूरजवळच्या कोट्टयमला सोन्याच्या नाण्यांचा मोठा ठेवा निघाला. ओझ्यानं सोनं निघाल्याचं सांगतात, पण नाणी लोकांनी गुपचूप वाटून घेतली, विकली. नेमकी किती होती, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

म्हणून कुणी कानाशी लागून "शेतात सापडलंय साहेब, कुणाला सांगू नका" म्हणाला, तर दोनच शक्यता. एक, नाणं बनावट आहे. दोन, नाणं खरं आहे आणि दडवलेलं आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरला लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास तुरुंगाची तरतूद आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार अशा वस्तूंचा धंदा करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. पहिल्या शक्यतेत तुम्ही फसलात, दुसरीत तुम्ही सामील झालात.

आणि कागद म्हणजे विक्रेत्यानं छापलेलं रंगीत प्रमाणपत्र नव्हे. ज्युलियस सीझरच्या खुनानंतर ब्रूटसनं पाडलेलं सोन्याचं नाणं २०२० मध्ये लंडनच्या लिलावात बत्तीस लाख पौंडांच्या वर गेलं. पुढे निघालं की त्याच्या मालकीचा इतिहासच खोटा रचलेला होता. अटक झाली, आणि २०२३ मध्ये नाणं ग्रीसला परत द्यावं लागलं. एवढ्या बड्या लिलावात ही तऱ्हा, तर तुमच्या इनबॉक्समधल्या "अंकल कलेक्शन"ची काय कथा!

यावर एक उत्तर हमखास येतं : "आम्ही घेतलं नाही, तर सोनार वितळवेल. आम्ही वाचवतोय." मुद्दा पोकळ नाही, म्हणून नीट बघू. नाणं वितळतं कशामुळे? त्याच १८७८ च्या कायद्यात सरकारनं ठेवा घेतला, तर मोबदला ठरतो धातूच्या किमतीवर : धातूचा भाव अधिक त्याचा एक पंचमांश. म्हणजे तांब्याच्या दुर्मिळ नाण्याला भंगाराचा भाव आणि वर थोडी दक्षिणा! शेतकऱ्यानं मग कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या का झिजवाव्यात? इंग्लंडात बाजारभावानं बक्षीस मिळतं, म्हणून तिथला माणूस मडकं तसंच ठेवून फोन करतो. आपला माणूस अप्रामाणिक नाही, आपला कायदा कंजूष आहे. वाचवायचंच असेल, तर नाणेप्रेमींच्या सगळ्या मंडळांनी मिळून हे कलम बदलायची मागणी करावी. चोरीचा माल घेऊन वारसा वाचत नाही, चोरीला भाव मिळतो.

सुरुवात करायची असेल, तर साधा रस्ता आहे. पहिले काही महिने एक रुपयाही खर्च करू नका. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातलं नाण्यांचं दालन बघा. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीची रोमन सम्राटांच्या नाण्यांची सूची इंटरनेटवर फुकट आहे, ती चाळा. मागच्या बाजूला तळाशी टांकसाळीची अक्षरं असतात, ती वाचायला शिका. त्रिएर, अँटिऑक, अलेक्झांड्रिया ओळखता यायला लागलं की अर्धे बनावटवाले तुमच्यापासून आपोआप लांब पळतील. मग एकच नाणं घ्या, चौथ्या शतकातलं, साधं. पण पक्कं बिल हवं, आधीच्या मालकाची किंवा जुन्या लिलावाची पडताळता येईल अशी नोंद हवी, आणि परदेशातून मागवत असाल तर कस्टमचे नियम आधी विचारून घ्या. माती लागलेली, "न धुतलेली" नाणी किलोवर विकणाऱ्याकडे फिरकूसुद्धा नका. ती माती कुठल्या तरी लुटलेल्या जागेची असू शकते.

कागद नसेल, तर नाणं कितीही देखणं असो, सोडून द्या. दहा गिऱ्हाइकांनी "कागद दाखवा" म्हटलं की अकराव्याला विक्रेता स्वतःहून दाखवतो.

पटलं तर तुमच्या नाण्यांच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली लिहा, पण मुद्द्यावर लिहा. आणि पुढच्या वेळी "किंमत सांगा" टाइप करायच्या आधी "कुठून आलं?" एवढं विचारा.