झोप न मोडणारी कॉफी

“संध्याकाळनंतर मला कॉफी नको, रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही,” हे वाक्य साठी ओलांडलेल्या माणसांच्या घरात हमखास ऐकू येते. फिल्टरमधून ठिबकणाऱ्या कॉफीचा वास घरभर पसरतो आणि आजोबा मात्र दुधाचा पेला घेऊन बसतात. दोष कॉफीचा नाही, तिच्यातल्या कॅफीनचा!

कॅफीन काढलेली कॉफी बाजारात मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतल्या ब्रेमेनचे व्यापारी लुडविग रोझेलियुस यांनी ती प्रथम बाजारात आणली, त्यासाठी चक्क बेन्झीन वापरून! आज पाणी, कार्बन डायऑक्साइड किंवा इतर द्रावणे वापरतात. पण कॅफीनबरोबर थोडी चवही जाते आणि किंमत वाढते ती वेगळीच. मग झाडातच कॅफीन नसले तर?

असे झाड खरोखर सापडले. ब्राझीलच्या कॅम्पिनास कृषी संस्थेकडे इथिओपियात गोळा केलेल्या बियांपासून वाढवलेली अरेबिकाची झाडे होती. सिल्व्हारोला, माझाफेरा आणि फाझुओली या शास्त्रज्ञांनी सुमारे 3000 झाडे तपासली आणि त्यांतली फक्त तीन वेगळी निघाली. नेहमीच्या अरेबिकात कॅफीन साधारण 1.2 टक्के, यांच्यात अवघे 0.076 टक्के! 2004 मध्ये ‘नेचर’मध्ये हे प्रसिद्ध झाले. झाड कॅफीन पायरीपायरीने तयार करते. इथे शेवटची पायरीच लंगडी आहे. त्यामुळे कोकोतले थिओब्रोमीन साचते, त्याचे कॅफीन होत नाही.

मग अडले कुठे? या झाडांना फळ कमी. म्हणून भरघोस पिकणाऱ्या जातीशी संकर करावा, तर पहिल्या पिढीत कॅफीन परत हजर! आजीचे घारे डोळे मुलात दिसत नाहीत, नातवात अचानक दिसतात, तसाच हा गुण दडून बसतो. पुढच्या पिढीत थोड्याच रोपांत तो उघड होतो. आणि कॉफीला फळ धरायला तीन-चार वर्षे लागतात. शेकडो रोपे इतकी वर्षे पोसायची आणि शेवटी बहुतेक उपटून टाकायची!

इथे जनुकीय खुणा, म्हणजे मार्कर, कामी येतात. कॅफीन घडवणाऱ्या जनुकातले एखाद्या अक्षराइतके बारीक फरक हेरून त्यांच्या आधारे रोपे निवडता येतात, असे ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये दाखवले. रोपवाटिकेतल्या रोपाचे एक पान तपासले की पुरे. ज्यांच्यात गुण नुसता दडलेला आहे, तीही रोपे कळतात. आपण मुलाचे पाय पाळण्यात दिसतात म्हणतो, कन्नडमध्ये ‘बेळेयुव सिरी मोळकेयल्ली’ म्हणतात. इथे तर ते शब्दशः खरे!

ही जनुक बदललेली कॉफी नव्हे, बरे का. तसा प्रयोग जपानमधील नारा येथे झाला होता. तिथे 2003 मध्ये जनुक दाबून रोबस्टाच्या रोपांतले कॅफीन 70 टक्क्यांपर्यंत कमी केले होते. मार्कर मात्र काही घालत नाही, काही काढत नाही. तो फक्त निवड करायला मदत करतो. हे तंत्र आपल्या कर्नाटकालाही परके नाही. पानांवरच्या तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जनुकाच्या खुणा शोधण्यात इथल्या कॉफी संशोधकांचाही वाटा आहे.

तरी घाई नको. 2023 च्या अखेरीस कॅम्पिनासच्या रोपांच्या वेगवेगळ्या भागांत चाचण्या सुरू असल्याची बातमी होती, म्हणजे तीन झाडे जगापुढे आल्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी! मार्कर वाट जवळची करतो, पण उत्पन्न किती आणि चव कशी हे शेवटी शेतात आणि कपातच ठरते. शेतकऱ्याला परवडेल आणि जिभेला पटेल, तीच जात टिकेल. शिवाय बियांचे मूळ घर इथिओपिया. उद्या नफा झाला, तर त्या घरालाही त्यातला वाटा मिळायला हवा.

तोवर आजोबांना सकाळची कॉफी मनसोक्त द्या, संध्याकाळची मात्र बेतानेच!